निगेटिव्ह स्कॅन करायच्या आहेत, पण कशावर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटाच्या माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत निगेटिव्हचा गठ्ठा सापडला की बहुतेकांचा पहिला प्रश्न येतो, ‘कोणता स्कॅनर घेऊ?’ मी आधी विचारतो, गठ्ठ्यात आहे काय? फिल्मचा आकार कोणता, ती रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट, किती आहे आणि त्या फोटोंचं पुढे काय करायचं, हे कळलं की यंत्राची निवड अर्ध्याहून अधिक झालेली असते. लोक पुन्हापुन्हा जे विचारतात ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावलं आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. निगेटिव्ह डिजिटल करायला किती प्रकारचे स्कॅनर मिळतात?

मूळ काम सगळ्यांचं एकच. फिल्मच्या मागून उजेड सोडायचा आणि आरपार आलेला उजेड नोंदवायचा. तो कोण नोंदवतं आणि किती बारकाईने, यावरून प्रकार पडतात.

फ्लॅटबेड म्हणजे सपाट काचेचा, झाकणातही दिवा असलेला स्कॅनर. एप्सनचे व्ही६०० आणि व्ही८५० यातले ओळखीचे. कागद स्कॅन करायचा ऑफिसातला साधा स्कॅनर इथे चालत नाही, कारण त्याचा उजेड वस्तूवर आपटून परत येतो आणि निगेटिव्ह नुसती काळपट पट्टी दिसते. दुसरा प्रकार फक्त फिल्मसाठी बनवलेल्या स्कॅनरचा: प्लसटेकचे ऑप्टिकफिल्म, निकॉनचे कूलस्कॅन, मिनोल्टाचे डायमाज. तिसरा प्रकार म्हणजे मॅक्रो लेन्स लावलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हचाच फोटो काढणं (प्रश्न १०). चौथा, फोटो लॅबमधले नोरित्सु आणि फ्युजी फ्रंटियर; हे आपण घेत नाही, त्यांच्याकडे काम देतो. पाचवा ड्रम स्कॅनर (प्रश्न १८). आणि सहावा, छोटा स्क्रीनवाला स्वस्त कन्व्हर्टर (प्रश्न ९).

२. अल्बममध्ये प्रिंट आहेतच. मग निगेटिव्ह कशाला स्कॅन करायची?

प्रिंटमध्ये निगेटिव्हवरचं सगळं उतरलेलं नसतं. लॅबच्या मशीनमध्ये कडा कापल्या जातात, आणि लग्नातल्या पांढऱ्या शालूचे किंवा उन्हातल्या चेहऱ्याचे बारकावे कागदावर येतायेताच हरवतात. निगेटिव्हमध्ये ते बहुतेक वेळा शाबूत असतात. प्रिंट उरली आणि निगेटिव्ह हरवली असेल तर अर्थातच प्रिंट स्कॅन करा. त्याला साधा फ्लॅटबेड आणि ६०० डीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) पुरे.

३. आमच्याकडे कुठल्या फिल्मच्या निगेटिव्ह आहेत हे कसं ओळखायचं?

पट्टी हातात घ्या आणि कडा बघा. दोन्ही कडांना चौकोनी भोकं असतील तर ती ३५ मिमी. तिची एक फ्रेम २४ बाय ३६ मिमी. भोकं नाहीत आणि फ्रेम साधारण ५६ मिमीचा चौरस आहे, तर ती १२० रोलची. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत १९६०-७०च्या दशकांतले फोटो भारतात बनलेल्या आगफा क्लिक थ्रीवर काढलेले असतात. त्यात १२०च्या रोलवर १२ चौकोनी फोटो निघत. फिल्म बऱ्याचदा ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ असे. नखाएवढी, १३ बाय १७ मिमीची फ्रेम दिसली तर ती ११० फिल्म.

केशरी झाक असलेली फिल्म रंगीत, राखाडी ती ब्लॅक अँड व्हाइट. उजेडासमोर धरल्यावर चित्र सरळ, खऱ्या रंगांत दिसलं तर ती निगेटिव्ह नव्हेच, स्लाइड आहे (प्रश्न १७).

आणखी एक सवय लावून घ्या. फिल्मच्या कडेवरचा मजकूर भिंगाने वाचा. कंपनीचं नाव, फ्रेमचा क्रमांक आणि कधीकधी ‘सेफ्टी’ हा शब्द छापलेला असतो. या शब्दाचं महत्त्व प्रश्न १५मध्ये.

४. गठ्ठा खूप मोठा आहे. सुरुवात कुठून करू?

रंगीत निगेटिव्हपासून, आणि त्यातही सगळ्यात जुन्या रंगीत निगेटिव्हपासून. लोक भावनेच्या भरात आजोबांच्या काळातल्या ब्लॅक अँड व्हाइटपासून सुरुवात करतात. पण ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवरचं चित्र चांदीचं असतं आणि नीट धुतलेल्या फिल्मवर ते फार काळ टिकतं. रंगीत फिल्मवरचं चित्र रंगद्रव्यांचं. ती द्रव्यं बंद डब्यात, अंधारातही हळूहळू उडत जातात. आजोबांचा १९५५चा फोटो अजून दहा वर्षं थांबू शकेल. तुमच्या १९७८च्या बारशाचा कदाचित नाही. याला अपवाद एकच: आंबट वास येणारी किंवा बुरशी लागलेली फिल्म कुठल्याही रंगाची असो, ती सगळ्यांच्या आधी.

५. किती डीपीआयला स्कॅन करू?

पुढे काय करायचं यावरून ठरवा. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल लागतात असं धरू. ३५ मिमीच्या फ्रेममधून ४ बाय ६ इंचांची प्रिंट हवी तर सुमारे १३०० डीपीआय पुरतात. ८ बाय १२ला सुमारे २५५०, १२ बाय १८ला ३८००च्या आसपास. ४००० डीपीआयला ३५ मिमीची फ्रेम जवळपास २१ मेगापिक्सेलची होते आणि घरगुती फोटोंमध्ये त्यापुढे सहसा काही नवीन निघत नाही. मोठे होतात ते फिल्मचे दाणे.

१२० फिल्मचं गणित वेगळं आहे. फ्रेम मोठी असल्याने १६०० डीपीआयलाच सुमारे १२ मेगापिक्सेल मिळतात, म्हणजे १२ इंची चौकोनी प्रिंट आरामात. क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याची लेन्स अगदी साधी होती. तिने जे टिपलंच नाही ते ४०००वर स्कॅन केल्याने येणार नाही.

हे सगळे आकडे खऱ्या डीपीआयचे आहेत. खोक्यावर छापलेल्या डीपीआयबद्दल पुढचा प्रश्न.

६. स्वस्त फ्लॅटबेडवर ६४०० डीपीआय लिहिलंय आणि महाग कूलस्कॅनवर ४०००. मग स्वस्तवालाच चांगला ना?

नाही. स्कॅनर-खरेदीतली सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. खोक्यावरचा आकडा सांगतो की यंत्र इंचाला किती ठिपके मोजतं. त्यातल्या किती ठिपक्यांत खरोखर वेगळा तपशील आहे, हे तो सांगत नाही. ते लेन्स आणि फोकसवर ठरतं. चाचणीच्या बारीक रेघांचा तक्ता स्कॅन करून मोजलं तर व्ही६००चे खरे डीपीआय साधारण १५०० ते १६०० भरतात, व्ही७०० आणि व्ही८५०चे सुमारे २३००. प्लसटेक ८२००आयवर ७२०० लिहिलेलं असतं, मिळतात ३२००च्या आसपास. कूलस्कॅन ५०००वर ४००० लिहिलेलं असतं आणि तो जवळजवळ तेवढेच देतो.

म्हणून व्ही६००वर ६४०० निवडून स्कॅन करणं म्हणजे वेळ आणि डिस्क दोन्ही वाया. त्यावर २४०० किंवा ३२००ला स्कॅन करा आणि हवं तर नंतर आकार कमी करा.

७. एप्सन व्ही६०० घ्यावा की व्ही८५०?

निगेटिव्ह १२०च्या असतील आणि १२ इंचांपर्यंतच्या प्रिंट हव्या असतील तर व्ही६०० पुरेसा आहे. दोन बाबतींत तो कमी पडतो. त्याच्या झाकणातल्या दिव्याची पट्टी अरुंद असल्याने १२०पेक्षा रुंद फिल्म, म्हणजे ४ बाय ५ इंचांची शीट किंवा काचेची प्लेट, त्याला जमत नाही. आणि ३५ मिमीमधून मोठी प्रिंट काढायची तर त्याचा तपशील अपुरा पडतो.

व्ही८५०वर ८ बाय १० इंचांपर्यंतची फिल्म मावते, एका वेळी ३५ मिमीच्या १८ फ्रेम बसतात आणि फिल्म धरणाऱ्या होल्डरची उंची बदलता येते. शेवटची सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. फ्लॅटबेडचा फोकस आपल्या हातात नसतो. फिल्म काचेपासून किती उंचीवर आहे, यावरच चित्राची धार ठरते. स्टुडिओचा जुना साठा असेल तर व्ही८५० घ्या. घरातल्या दोनचार अल्बमसाठी एवढा खर्च करू नका.

८. ३५ मिमीसाठी नवा प्लसटेक घेऊ की सेकंडहँड कूलस्कॅन?

चित्राच्या दर्जात कूलस्कॅन सरस आहे. तो स्वतः फोकस करतो, आणि व्ही व ५००० या मॉडेलांत पूर्ण पट्टी आपोआप पुढे सरकते. पण निकॉनने हे स्कॅनर बनवणं केव्हाच थांबवलं. मोटर अडकली किंवा आतल्या आरशावर धूळ बसली, तर दुरुस्त करणारा शोधावा लागतो. ८००० आणि ९००० ही १२० फिल्म घेणारी मॉडेलं फायरवायरवर चालतात आणि नव्या संगणकांना ते पोर्ट नसतं. निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर जुनं झालं आहे, त्यामुळे व्ह्यूस्कॅन घ्यावं लागतं.

प्लसटेकची ८१०० आणि ८२००आयसारखी मॉडेलं फक्त ३५ मिमी घेतात आणि दर फ्रेमला होल्डर हाताने पुढे ढकलावा लागतो. धीम्या कामाचा कंटाळा नसेल, रोल मोजके असतील तर निर्धास्त घ्या. मात्र नावात ‘आय’ आहे का बघा: ८१००मध्ये धूळ शोधणारा इन्फ्रारेड दिवा नाही, ८२००आयमध्ये आहे. रंगीत निगेटिव्हसाठी हा फरक मोठा आहे (प्रश्न १२).

९. ऑनलाइन मिळणारा छोटा स्क्रीनवाला कन्व्हर्टर चालेल का? संगणकही लागत नाही म्हणतात.

गठ्ठ्यात काय आहे ते चाळून बघायला चालेल. जपून ठेवायच्या कामाला नाही. आत एक लहान सेन्सर आणि पक्की बसवलेली लेन्स असते. यंत्र एक्स्पोजर आणि रंग स्वतः ठरवतं आणि आवळलेली जेपेग हातात देतं. ‘२२ मेगापिक्सेल’ लिहिलेलं असतं तिथे बहुधा १३-१४ मेगापिक्सेलचं चित्र फुगवलेलं असतं. गडद साडीचे किंवा शेरवानीचे बारकावे त्यात एकसंध काळे होऊन जातात. असाच कन्व्हर्टर हाताशी असेल तर त्यावर सगळ्या पट्ट्या भराभर बघा, महत्त्वाच्या फ्रेमचे क्रमांक लिहून घ्या आणि त्या नीट स्कॅन करा.

१०. माझ्याकडे डीएसएलआर आहे. स्कॅनर न घेता त्यानेच करता येईल?

येईल, आणि ३५ मिमीचे पुष्कळ रोल असतील तर मी हाच मार्ग सुचवतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने फ्रेम काठोकाठ भरली तर कागदावरचा हिशेब ४२०० डीपीआयच्या आसपास जातो. स्कॅनरला जिथे फ्रेममागे काही मिनिटं लागतात तिथे मांडणी एकदा जमल्यावर काही सेकंद पुरतात.

खरा खर्च मॅक्रो लेन्सचा. फुलफ्रेम, म्हणजे ३५ मिमीच्या फ्रेमएवढ्या सेन्सरला एकास एक वर्धन हवं. छोट्या एपीएस-सी सेन्सरला दोन-तृतीयांश वर्धनही पुरतं. ५० मिमी लेन्सला एक्स्टेंशन ट्यूब लावून काम होतं, पण कोपरे मऊ येतात. उजेडासाठी सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९५च्या वरचा एलईडी पॅनल घ्या आणि फिल्म त्यावर थेट न ठेवता काही सेंटिमीटर उंच धरा. नाहीतर पॅनलचे ठिपके आणि त्यावरची धूळ चित्रात उतरते. स्टँडला कोणाकडे डार्करूमचा जुना एन्लार्जर पडून असेल तर सोन्याहून पिवळं: वरचं डोकं काढा आणि त्याच खांबावर कॅमेरा बसवा.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो कॅमेरा आणि फिल्म समांतर करायला. फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये बघा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की समांतर झालं. ते जरा जरी बाजूला असेल तर फ्रेमचा एक कोपरा मऊ येईल आणि दोष तुम्ही लेन्सला द्याल. मग छिद्र एफ ८, आयएसओ १००, रॉ फाइल, दोन सेकंदांचा टायमर. फोकस फिल्मच्या दाण्यावर, दहापट मोठं करून. खोलीतले दिवे बंद, कारण वरून पडलेला उजेड फिल्मवरून परावर्तित होऊन काळा रंग फिका करतो. एका रोलला एकच एक्स्पोजर ठेवा, आणि चित्राबाहेरची फिल्मची थोडी कोरी कड फ्रेममध्ये येऊ द्या. रंग सुधारताना ती लागते (प्रश्न १३).

फिल्मची चकचकीत बाजू लेन्सकडे असली की चित्र सरळ येतं. फलकावरची अक्षरं उलटी दिसली तर समजा बाजू चुकली. सॉफ्टवेअरमध्ये आडवं उलटवलं की झालं.

१२० फिल्मला मात्र हा मार्ग तितका फायद्याचा नाही. ३:२ आकाराच्या सेन्सरवर चौकोनी फ्रेम बसवली की २४पैकी १६ मेगापिक्सेलच कामाला येतात, म्हणजे सुमारे १८०० डीपीआय. व्ही८५० याहून जास्त देतो. फ्रेमचे दोनतीन तुकडे टिपून जोडता येतात, पण मोजक्या फोटोंसाठीच तो खटाटोप करा.

११. आणि फोनने?

लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन उघडून तिच्यापासून थोडी वर निगेटिव्ह धरली आणि फोनने फोटो काढून रंग उलटे केले, तर व्हॉट्सॲपवर काकांना ‘हा कोण?’ विचारण्यापुरतं चित्र मिळतं. तेवढ्यासाठी उत्तम. त्यापुढे नाही.

१२. धूळ आपोआप काढणारं डिजिटल आइस रंगीत फिल्मवर छान चाललं, पण ब्लॅक अँड व्हाइटवर चेहरे विचित्र झाले. स्कॅनर बिघडला का?

स्कॅनर ठीक आहे. डिजिटल आइस आणि तशा व्यवस्था फ्रेम आणखी एकदा इन्फ्रारेड उजेडात वाचतात. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे नसतात. त्यामुळे त्या वाचनात फक्त कचरा दिसतो आणि सॉफ्टवेअर तेवढाच भाग भरून काढतं. ब्लॅक अँड व्हाइटमधली चांदी इन्फ्रारेडलाही अडवते. यंत्राला अख्खा चेहराच धूळ वाटतो आणि ते तो ‘दुरुस्त’ करायला जातं. म्हणून पारंपरिक ब्लॅक अँड व्हाइटला ही सोय बंद ठेवा.

याला अपवाद इलफर्ड एक्सपी२सारख्या फिल्मचा. त्या दिसायला ब्लॅक अँड व्हाइट, पण रंगीत फिल्मच्या सी-४१ पद्धतीने धुतल्या जातात आणि शेवटी त्यांच्यात चांदी उरत नाही. त्यांच्यावर आइस नीट चालतं. कॅमेऱ्याने स्कॅन करताना इन्फ्रारेडचं वाचन होत नाही, त्यामुळे तिथे ब्लोअर, मऊ ब्रश आणि नंतर हाताने ठिपके पुसणं, एवढंच हाती आहे.

१३. रंगीत निगेटिव्ह उलटी केली की सगळं निळं-हिरवं दिसतं. काय चुकतंय?

नुसते रंग उलटे करून भागत नाही. फिल्मची केशरी झाक मुद्दाम दिलेली असते: फिल्ममधली निळसर आणि किरमिजी द्रव्यं शोषू नये तो उजेडही थोडा शोषतात, आणि ती चूक भरून काढायला हा केशरी मुखवटा असतो. तो वजा न करता चित्र उलटं केलं की केशरीचा विरुद्ध रंग, म्हणजे निळा, सगळ्यावर पसरतो. कोऱ्या कडेचा रंग आधार धरून आधी तो काढायचा, मग उलटवायचं. निगेटिव्ह लॅब प्रो, सिल्व्हरफास्ट, व्ह्यूस्कॅन ही सॉफ्टवेअर हेच करतात. फुकट हवं असेल तर डार्कटेबल या सॉफ्टवेअरमधलं निगाडॉक्टर चांगलं आहे, फक्त शिकायला थोडा वेळ द्या.

एकाच रोलच्या फ्रेम वेगवेगळ्या छटांच्या येत असतील तर ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो रंग बंद करा. हिरव्यागार शेताचा फोटो आला की यंत्र ते हिरवं ‘सुधारायला’ बघतं. सगळं बरोबर करूनही सावल्यांना एक झाक आणि उजळ भागाला दुसरीच झाक येत असेल, तर फिल्ममधलं एखादं द्रव्य उडालं आहे. तिथे सॉफ्टवेअरमधले लाल, हिरवा आणि निळा वक्र (कर्व्ह) वेगवेगळे हलवून जेवढं परत मिळेल तेवढं घ्यायचं.

१४. फ्लॅटबेडवरच्या स्कॅनमध्ये इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसतात. ती कसली?

न्यूटनची वलयं. फिल्मची चकचकीत बाजू गुळगुळीत काचेला टेकली की मधल्या अतिपातळ हवेमुळे ती उमटतात. फिल्म होल्डरमध्ये, काचेपासून वर ठेवा. काच वापरावीच लागली तर मॅट बाजू काचेकडे करा आणि चित्र नंतर उलटवा, किंवा अँटी-न्यूटन काच घ्या. वाकलेली फिल्म हे मूळ कारण असेल तर ती कव्हरमध्ये घालून जाड पुस्तकांखाली काही दिवस दाबून ठेवा. इस्त्री, हेअर ड्रायर अजिबात नको.

१५. निगेटिव्हवर बुरशी आहे, काहींना आंबट वास येतो. पाण्याने धुऊ का?

बुरशी असेल तर पाणी नको. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळू शकतं, आणि त्याच्याबरोबर चित्रही. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे ही तक्रार फार येते. आधी आहे तशीच स्कॅन करून घ्या. मग फिल्मसाठीच बनवलेला बिनपाण्याचा क्लीनर मऊ कापडावर घेऊन चकचकीत बाजूने सुरुवात करा, तीही आधी एका बिनमहत्त्वाच्या फ्रेमवर. एकमेकींना किंवा पाकिटाला चिकटलेल्या पट्ट्या ओढू नका. त्या फिल्मची दुरुस्ती जाणणाऱ्याकडेच द्या.

आंबट वास म्हणजे फिल्मचा ॲसिटेट पाया कुजतोय. त्यातून निघणारं ॲसेटिक आम्ल तीच क्रिया आणखी वाढवतं आणि पायाचे थर आकसून चित्रावर नागमोडी सुरकुत्या पडतात. ही फिल्म बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा आणि आज-उद्या स्कॅन करा. थांबवण्याचा घरगुती उपाय नाही. थंड, कोरड्या जागी वेग कमी होतो इतकंच.

आता ‘सेफ्टी’ या शब्दाकडे येऊ. १९५०च्या आधीची फिल्म असेल, कडेवर ‘सेफ्टी’ नसेल किंवा ‘नायट्रेट’ लिहिलेलं असेल, तर ती अतिशय ज्वालाग्राही असू शकते. जानेवारी २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा मौल्यवान ठेवा कायमचा गेला. अशी फिल्म तापणाऱ्या दिव्यावर, स्कॅनरवर ठेवू नका, घरात साठवू नका. अभिलेखागाराशी बोला.

१६. आमच्या आजोबांचा स्टुडिओ होता. काचेच्या प्लेट्स आणि मोठ्या शीट आहेत. काय वापरू?

मोठ्या दिव्याचा फ्लॅटबेड किंवा कॅमेरा आणि लाइट पॅनल. प्लेट थेट काचेवर ठेवू नका. चारी कोपऱ्यांखाली जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या द्या.

आणि एक विनंती, अगदी मनापासून. ती प्लेट तिरप्या उजेडात धरून चेहऱ्याचा भाग बघा. मॅट बाजूवर शिसपेन्सिलीचे अगदी बारीक ठिपके आणि रेघा दिसतील, कुठे लालसर रंगाचा हलका हातही. सुरकुत्या, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळोखी झाकायला रिटचर भिंगातून तासन्‌तास हे काम करत. पुसलं की ते गेलं. ती बाजू कापडाने किंवा क्लीनरने साफ करू नका, फक्त ब्लोअरने धूळ उडवा. स्कॅनही मऊ, पसरट उजेडात करा. एकाच दिशेच्या कडक उजेडात पेन्सिलीच्या रेघा आणि ओरखडे उठून दिसतात.

१७. अमेरिकेतल्या मामांनी कोडाक्रोम स्लाइड पाठवल्या आहेत. निगेटिव्हचाच स्कॅनर चालेल?

चालेल, पण स्लाइडमधला गडद भाग निगेटिव्हपेक्षा बराच दाट असतो. तिथे फ्लॅटबेडला सावल्यांत खरखर येते. प्लसटेक, कूलस्कॅन किंवा दोन-तीन एक्स्पोजर घेणारा कॅमेरा बरा. कोडाक्रोमचं आणखी एक वेगळेपण: तिच्या काही थरांत इन्फ्रारेड नीट जात नाही, म्हणून आइसने कडा खाल्ल्यासारख्या दिसू शकतात. कूलस्कॅन ९०००मध्ये त्यासाठी खास सोय होती. आनंदाची बाब ही की अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग फार चांगले टिकतात. त्यामुळे घाई नाही.

१८. लॅबला देताना काय विचारू? ड्रम स्कॅन करून घ्यावा का?

‘हाय रेझोल्यूशन’ या शब्दावर विसंबू नका. फाइल किती बाय किती पिक्सेलची, टिफ (जेपेगसारखी तपशील न गमावणारी फाइल) मिळेल का, शार्पनिंग आणि गुळगुळीत करणं बंद ठेवता येईल का, फ्रेमच्या कडा कापणार का, पट्ट्या कापणार का, हे विचारा. आधी एक पट्टी द्या, घरी आणून शंभर टक्के मोठी करून बघा आणि मगच उरलेल्या सोपवा. कुरिअरने पाठवायच्या असतील तर एकदम सगळ्या एका खोक्यात नकोत.

ड्रम स्कॅनरमध्ये फिल्म तेलाने पारदर्शक नळकांड्यावर चिकटवतात, ते गरगर फिरतं आणि फोटोमल्टिप्लायर नळ्या बिंदूबिंदूने उजेड मोजतात. गडद भागातला तपशील त्याच्याइतका क्वचितच कोणी काढतं. पण फिल्म तेलात भिजते आणि नंतर साफ करावी लागते. भिंतभर प्रदर्शनाची प्रिंट किंवा एखादी अमूल्य शीट असेल तरच विचार करा.

१९. टिफ ठेवू की जेपेग?

मूळ प्रत १६ बिट टिफ किंवा कॅमेऱ्याची रॉ, वाटायला जेपेग. ४००० डीपीआयची रंगीत ३५ मिमी फ्रेम १६ बिटमध्ये सुमारे १३० एमबीची होते, म्हणजे ३६ फोटोंच्या रोलला साडेचार जीबींहून जास्त. एवढी जागा नसेल तर निवडक फ्रेम टिफमध्ये आणि बाकीच्या सर्वांत वरच्या दर्जाच्या जेपेगमध्ये ठेवा. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावात राहणाऱ्या भावंडाकडे.

२०. स्कॅन झाल्या. आता निगेटिव्ह टाकून दिल्या तर?

नको. मूळ वस्तू तीच आहे. उद्या चांगला स्कॅनर मिळाला तर पुन्हा त्यातूनच काढायचं आहे. जुन्या पीव्हीसी कव्हरमधून काढून पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या कव्हरमध्ये घाला, सोबत सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्याआधी व नंतर बदला. माळा आणि बाथरूमला लागून असलेलं कपाट, या दोन्ही जागा टाळा. विकायचा असेल तर काम झाल्यावर स्कॅनर विका. चांगल्या स्थितीतल्या फिल्म स्कॅनरला गिऱ्हाईक मिळतं.

२१. स्टुडिओने पासपोर्ट फोटोच्या निगेटिव्ह एकेक कापून दिल्या आहेत. होल्डरमध्ये बसतच नाहीत, घसरतात.

स्कॅनरचे होल्डर पट्टीसाठी बनवलेले असतात, सुटी फ्रेम एका कडेनेच धरली जाते आणि वाकते. ३५ मिमीच्या सुट्या फ्रेमसाठी प्लास्टिकचे उघडमिट होणारे स्लाइड माउंट मिळतात. त्यात फ्रेम बसवा आणि स्लाइडच्या होल्डरमध्ये घाला. माउंट चित्राची कड थोडी झाकतो, पासपोर्ट फोटोत त्याने बिघडत नाही. मोठ्या आकाराच्या फ्रेमसाठी काळ्या कार्डशीटला नेमकी खिडकी कापा आणि फ्रेमच्या कोऱ्या कडेलाच कागदी टेपचा बारीक तुकडा लावा. सेलोटेप नको, तिचा डिंक फिल्मवर राहतो.

अशा फ्रेम ज्या छोट्या बटर पेपरच्या पाकिटात येतात त्यावर स्टुडिओने पेनाने क्रमांक आणि बरेचदा नाव व तारीख घातलेली असते. फ्रेम बाहेर काढण्याआधी पाकिटाचाही फोटो घ्या आणि तोच क्रमांक फाइलच्या नावात घाला. सुट्या फ्रेमच्या कडेवर क्रमांक उरलेला नसतो, त्यामुळे पाकीट वेगळं झालं की ती कोणाची हे सांगणारं दुसरं काही राहत नाही.